चढावर सांगायची गोष्ट

"मी चालवतो डॉक्टर, चालत नाही," आप्पा म्हणाले.

डॉ. ओकबाईंनी रिपोर्टवरची मान वर केली. "आता कुठे चालवता? निवृत्त झालात ना?"

"झालो की. पण म्हणून माणूस बदलतो काय?"

माझे वडील, अर्जुन घाग, जन्मभर चिपळूण-कराड गाडीवर एसटीचे ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटात धुकं इतकं उतरायचं, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसायचा नाही. पण आप्पांनी गाडी कुठे घासली नाही, ठोकली नाही. त्यांना दुसरा अभिमान होता तो चपलांचा. एक जोड घेतला की वर्षानुवर्षं नवाच. झिजायला तो जमिनीला लागायला तर हवा! घरून स्कूटरवर डेपोत, डेपोत सीटवर, सीटवरून परत स्कूटरवर. निवृत्त झाल्यावर मधली सीट गेली, तिथं घरातली खुर्ची आली.

डॉक्टरबाईंनी त्यांना टेबलावर पाय पसरून बसायला सांगितलं आणि त्या अंगठ्याशी काहीतरी करू लागल्या. आप्पा छताकडे बघत वाट पाहत राहिले.

"काय ते टोचा ना लवकर," ते म्हणाले.

"टोचतेय, घागकाका. मघापासून टोचतेय."

आप्पांनी वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

"साखर आटोक्यात आणायची, चपलांशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि रोज चालायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर काही वर्षांनी मी चपलांबद्दल बोलणार नाही, पायाबद्दल बोलेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुरुवातीला कुणीतरी बरोबर राहा."

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी आले होते. प्रसन्न साळवीशी माझं लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. आणि मी आले होते ती आप्पांना एक गोष्ट सांगायला. येताना गाडीत ती मी मनातल्या मनात घोकत आले होते. पण दवाखान्यातून बाहेर पडताना आप्पांचा चेहरा पाहिला आणि सांगायचं तसंच राहिलं.

घरी मी प्रयत्न केला नाही असं नाही. आप्पा टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते.

"आप्पा, प्रसन्नबद्दल थोडं बोलायचंय."

"बोल." डोळे टीव्हीवरच.

"म्हणजे असं, की त्यानं..."

"त्याला म्हणावं काळा सूट नको. लग्नात काळं घालत नाहीत."

झालं, आमचं बोलणं संपलं.

मग एकदा जेवताना समोरासमोर बसून पाहिलं. पण आप्पांची नजर घाटातली. समोर काय येतंय ते ती आधीच हेरायची आणि त्यावर खिळून राहायची. त्या नजरेसमोर मी "भाजीत मीठ कमी आहे" एवढंच म्हणू शकले. ते ऐकून आई रुसली. आईला आधी सांगावं म्हटलं, तर आईला सांगणं म्हणजे सगळ्या आळीला सांगणं. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांतून बायका आमच्या ओटीवर हजर झाल्या असत्या.

चालण्याचंही तसंच. पहिल्या सकाळी आईनं हलवलं तर आप्पा "उद्या" म्हणून कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी आईनं युक्ती केली. कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवलं. आप्पांनी स्कूटर काढली, जाऊन दूध आणलं, आणि "आलो बुवा जाऊन" म्हणत खुर्चीत बसले. आईनं दूध तापत ठेवलं, पदर खोचला आणि ती तडक हसनचाचांकडे गेली.

हसन मुकादम म्हणजे आप्पांचे कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. आप्पा त्यांना मास्तर म्हणायचे, ते आप्पांना ड्रायव्हर. इतकी वर्षं एका गाडीवर काढली, पण एकमेकांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. हलत्या गाडीत खांब धरून उभ्याउभ्या जन्म काढल्यामुळे चाचा शेवग्याच्या शेंगेसारखे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "टिंग-टिंग!"

आप्पा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून उभे राहिले. आपण का उठलो हे त्यांनाही कळलं नसावं. क्षणभर ते तसेच उभे होते. मग पुटपुटले, "डबल बेल झाली, सुटायला हवं," आणि चपला पायात सरकवल्या. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

मीही निघाले. बरोबर कुणी हवं असं डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं.

माणूस पहिल्यांदाच चालायला निघाला की कसा चालतो हे मी त्या दिवसांत पाहिलं. आप्पा रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचे. वळायचं असेल तर आधी हात बाहेर काढायचे. आळीच्या तोंडाशी थांबून दोन्हीकडे बघायचे. एका सकाळी पुढे एक शेळी रमतगमत चालली होती. आप्पा तिच्या मागोमाग तिच्याच वेगानं.

"ड्रायव्हर, पुढे काढ ना," चाचा म्हणाले.

"वळण आहे. पलीकडचं दिसत नाही."

"अरे शेळी आहे ती, ट्रक नाही!"

आप्पांनी उगाच धोका पत्करला नाही. शेळी एका कुंपणात शिरली तेव्हाच आमची वाट मोकळी झाली.

पहिले काही दिवस आप्पा चिडचिड करायचे. पोटऱ्या दुखतात, घाम येतो, कुत्री बघतात. मग चिडचिड हळूहळू कमी झाली. रात्री ते जेवले की झोपायला लागले आणि टीव्ही आईच्या ताब्यात आला. सकाळी पोट साफ होऊ लागलं. ही बातमी त्यांनी कुंपणावरून शेजारच्या दोन्ही घरांना स्वतः दिली. पँट कमरेत सैल झाली तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडून ते आम्हाला दाखवत फिरले.

आणि त्यांना गाव दिसायला लागलं. आजवर त्यांनी गाव पाहिलं होतं ते काचेतून, समोरचा रस्ता तेवढा. खालच्या आळीत एक मोठा सोनचाफा आहे, त्याच्याखाली ते थबकले.

"हे झाड कधी लावलं हो?" अंगण झाडणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "माझ्या सासूबाईंनी. तुम्ही घाग ना? तुमच्या लग्नातल्या वेण्या ह्याच झाडाच्या होत्या."

आप्पांनी मान वर करून झाड शेंड्यापर्यंत पाहून घेतलं. परतताना त्यांनी दोन फुलं मागून घेतली, ती घरी येईपर्यंत मुठीत चुरगळली, आणि तशीच आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "हे काय, औषध आहे?"

एका सकाळी वेगळंच घडलं. चालताना आप्पांची चप्पल सरकली, पाय उघडा पडला आणि ते किंचाळले, "आई गं!" अंगठ्यात बाभळीचा काटा गेला होता.

चाचा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

"लागलं?" चाचांनी विचारलं.

"लागलं म्हणजे? जीव गेला!"

"खरंच लागलं? नीट सांग, ड्रायव्हर!"

"अरे, रक्त येतंय, दिसत नाही तुला?"

चाचांनी त्यांना मिठी मारली. मला तर रडूच आलं. आप्पा एका पायावर उभे, पाय हातात धरलेला, आणि आम्ही दोघं "वा, वा!" करतोय. रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ आमच्याकडे पाहून लांबून वळसा घालून गेला. काटा निघाल्यावर आप्पांच्या ध्यानात आलं, तेव्हा ते स्वतःच आपला अंगठा दाबून दाबून बघू लागले. दर वेळी "आं!" म्हणत आणि हसत.

डॉक्टरबाईंनी मग थोडा चढ चढायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आमच्या आळीमागून देवीच्या टेकडीवर पाखाडी जाते. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची जुनी वाट. आम्ही ती धरली. तिथे मला एक शोध लागला. सपाटीला आप्पा बोलत, वाद घालत, रागावत. पण पाखाडी सुरू झाली की त्यांचा सगळा श्वास पायांना लागे. रागवायला तो शिल्लकच राहत नसे. शिवाय चालताना ते माझ्याकडे बघत नसत. ती नजर पुढच्या पायरीवर.

एका सकाळी पाखाडीच्या मध्यावर मी म्हटलं, "आप्पा, मला प्रसन्नशी लग्न करायचं नाही."

आप्पा एक पायरी चढले. "का..." म्हणाले, आणि दुसरी चढले. "काय?"

"थांबू नका, चालत राहा. मला डेहराडूनच्या एका संस्थेत नोकरी लागली होती. जंगलातल्या झाडांवरचं काम. प्रसन्न मला भेटायला आला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी आत चहा करत होते. माझा फोन प्रसन्ननं घेतला आणि 'ती येणार नाही' म्हणून सांगून टाकलं."

"तुला..." आप्पांनी गुडघ्यावर हात टेकला, "न वि..."

"न विचारता. आणि नंतरही सांगितलं नाही. माझ्या मैत्रिणीला तिथेच नोकरी मिळाली, तिनं विचारलं की तू नाही का म्हणालीस, तेव्हा मला कळलं. मी त्याला विचारलं तर म्हणतो, 'तू नाहीच म्हटलं असतंस, म्हणून तुझा त्रास वाचवला.'"

"प... पत्रि..."

"पत्रिका छापल्यात, माहितेय. हॉलही ठरलाय. आईला काय वाटेल तेही माहितेय."

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. तो रागानं की चढानं, मला कळेना. मागून चाचा हळूच म्हणाले, "अजून काही असेल तर सांगून टाक पोरी. पुढच्या वळणावर सपाटी आहे."

"संपलं," मी म्हटलं.

माथ्यावर देवळाचा चौथरा आहे. आप्पा तिथे बसले. चाचांनी पाणी दिलं. ते आप्पांनी सगळं संपवलं, तोंड पुसलं आणि समोर बघत राहिले. आता श्वास परत येईल, आणि मग आपलं काही खरं नाही, असं मनाशी म्हणत मी उभी होते.

"फोन तुझा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि उचलला त्यानं?"

"हो."

"उचलला, तो उचलला. बाई आत आहे, थांबा, असं म्हणून द्यायचा होता." ते चाचांकडे वळले. "मास्तर, इतकी वर्षं आपण एका गाडीवर होतो. तुझ्या तिकिटाच्या पेटीला मी कधी हात लावला?"

"नाही."

"तू कधी माझ्या स्टेअरिंगला?"

"छे! तेवढा शहाणा आहे मी."

"तेव्हा कुठे घाट उतरलो," आप्पा म्हणाले आणि उठले.

मला वाटलं, घरी निघाले. पण ते पलीकडच्या बाजूला गेले. टेकडीच्या त्या अंगाला साळव्यांचं गाव आहे. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा पडतो. पाखाडीनं सरळ खाली.

"आप्पा, तिकडे कुठे?"

"सांगून येऊ. आत्ता घरी गेलो तर तुझी आई रडेल. मी खुर्चीत बसेन. मग उद्या बघू, परवा बघू. आत्ता पाय चालतायत."

उतारावर आप्पांचा श्वास मोकळा झाला आणि साळव्यांना काय सांगायचं त्याची तयारी सुरू झाली. पहिल्या टप्प्यावर ते म्हणाले, "सांगतो त्याला, मुलाला वळण लावता येत नाही तर लग्नं कसली ठरवता?" काजूच्या बागेपाशी ते झालं, "तुमच्या मुलाचं चुकलं, हे तुम्हाला मान्य करावं लागेल." ओहोळ ओलांडताना पायाला गार पाणी लागलं तेव्हा म्हणाले, "तसे साळवी माणूस म्हणून वाईट नाहीत." साळव्यांच्या घराची कौलं दिसायला लागली तेव्हा चाचांनी विचारलं, "ड्रायव्हर, नक्की लग्न मोडायलाच चाललोय ना?"

प्रसन्न नोकरीच्या गावी होता. साळवीकाका गंजिफ्रॉकवर झोपाळ्यावर बसले होते. भारदस्त देह. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. आम्हाला धुळीनं माखलेलं पाहून ते ताडकन उठले.

"अहो व्याही! काय झालं? गाडी कुठे उलटली?"

"गाडी नाही. चालत आलो."

"चालत? कुणी गेलं का?"

साळवीकाकू आतून धावत कोकमाचं सरबत घेऊन आल्या. आप्पांनी पेला रिकामा केला, खाली ठेवला आणि सगळी तयारी विसरून एका दमात सांगितलं, "साळवी, माझ्या मुलीचा फोन तुमच्या मुलानं घेऊन तिची नोकरी परस्पर नाकारली. तिला हे लग्न नको आहे. मलाही नको."

साळवीकाकांचा आवाज गावभर गेला असेल. एवढ्याशा गोष्टीवरून? लोक काय म्हणतील? मुलानं चांगल्यासाठीच केलं ना? आप्पा ऐकत राहिले. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. कदाचित परतीचा चढ डोळ्यांसमोर असेल. शेवटी ते हात जोडून उठले.

"थांबा!" साळवीकाका गरजले. "माझ्या दारातून पाहुणा पायी जाणार नाही. गाडी काढतो."

"नको. चालतच जातो."

"लग्न मोडता ते मोडता, वर माझी गाडीही नको?"

"राग मानू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."

यावर त्यांचा जो वाद झाला तो लग्नावरच्या वादापेक्षा लांबला. आम्ही निघालो तर साळवीकाका शर्ट चढवत मागोमाग. अख्खं गाव बघत असताना आम्हाला तसंच जाऊ देणं त्यांना शोभणार नव्हतं. निम्म्या वाटेपर्यंत ते भांडत होते. मग वाक्यं तुटायला लागली. मग नुसतं धापा टाकणं उरलं. काजूच्या बागेपाशी ते एका दगडावर बसले. कपाळावरून घाम गळत होता.

"खरं सांगू का घाग," ते म्हणाले, "त्याला घरात कुणी कधी नाही म्हटलंच नाही. मी तर नाहीच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, चुकलं त्याचं."

मी मान हलवली.

साळवीकाकांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आप्पांच्या पोटाकडे, मग पट्ट्याच्या नव्या भोकाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमची साखर... चालून उतरते का हो खरंच?"

घरी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आई फाटकात उभी होती. अर्ध्या आळीत आमची चौकशी करून झाली होती.

"होतात कुठे?"

"साळव्यांकडे. लग्न मोडून आलो," आप्पा म्हणाले.

"लग्न मोडून?" आईनं फाटक धरलं. "साळव्यांकडे? त्या तिकडे? गेलात कसे?"

"चालत."

"चालत!" म्हणत आई तिथेच पायरीवर बसली. तिला रडू आलं ते त्यानंतर. हॉलसाठी, पत्रिकांसाठी, आळीतल्या बायकांसाठी. रडतच ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरजोरात आपटू लागली.

आप्पांनी माझ्या हातात फोन दिला. "कर त्यांना. विचार, जागा आहे का अजून." मी आकडे दाबू लागले तशी त्यांनी चाचांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. "तिचं तिला बोलू दे."

तिकडच्या बाईंना मी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला तर तुम्ही येणार नाही असा निरोप होता. मी म्हटलं, तो निरोप माझा नव्हता. त्यांनी थांबायला सांगितलं. मी थांबले. खिडकीतून अंगण दिसत होतं. चाचा पायरीवर बसले होते आणि आप्पा पेरूच्या झाडापासून फाटकापर्यंत, फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंत चालत होते. घाट करून आल्यावरही कधी न थकणारे माझे आप्पा त्या दिवशी टेकडी दोनदा चढून उतरले होते, पाय ओढत होते, आणि तरी थांबत नव्हते.

मी दार उघडून बाहेर आले. "या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात."

आप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चटकन पेरूच्या झाडाकडे. खूप वेळ त्या झाडात त्यांना काहीतरी दिसत होतं.

"थंडी असते का गं तिकडे?" त्यांनी विचारलं.

"असते. खूप असते."

"मास्तर, उद्या बाजारात जाऊ. स्वेटर बघायला हवेत."

"कुणाला?"

"हिला एक. मला एक. पोचवायला मी जाणार ना?"

आतली भांडी आपटायची थांबली. मग आईचा घोगरा आवाज आला,

"मला बिनबाह्यांचा आणा. आणि रंग मळखाऊ बघा, प्रवास लांबचा आहे."